एका ठिकाणचा संसर्ग, दुसऱ्या ठिकाणचे संरक्षण : व्याधिक्षमत्वाच्या अभ्यासातील एक प्रकरण

प्रास्ताविक

व्याधिक्षमत्व ही संज्ञा आयुर्वेदाच्या अभ्यासकास नवी नाही. सर्वच शरीरे व्याधी सहन करण्यास सारखी समर्थ नसतात, असे प्रतिपादन चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात आले आहे. त्यावरील टीकेत चक्रपाणिदत्तांनी या संज्ञेची दोन अंगे स्पष्ट केली आहेत. उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलास विरोध करणे हे एक, आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे हे दुसरे. पदवी परीक्षेसाठी आपण सर्वांनी हे पाठ केलेले असते. परंतु हे सामर्थ्य शरीरात नेमके कोठे वसते, ते सर्वत्र सारखे असते काय, आणि एका अवयवास झालेल्या संसर्गातून दुसऱ्या अवयवास ते कसे लाभते, याचा विचार आपल्या अभ्यासात फारसा होत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. जुलाब होत असलेल्या मातेने बाळास अंगावर पाजावे की नाही, हे विचारावयास घरातील वडीलधारी मंडळी प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतात. सुवर्णप्राशनाचे थेंब चालू आहेत, मग पोलिओचा डोस कशाला, असे विचारणारे पालकही आपल्याकडेच येतात. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच विषयात दडलेले आहे. प्रस्तुत लेखात त्या विषयाची मांडणी करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. एका ठिकाणच्या संसर्गातून दुसऱ्या ठिकाणी क्षमत्व उत्पन्न होते, हे निश्चित. मात्र ते ठराविक मार्गांनी ठराविक स्थानी पोहोचते आणि ज्या जंतूची ओळख झाली त्याच्याच विरुद्ध कार्य करते.

१. त्वचेतून सर्व शरीरास : देवीचे उदाहरण

या विषयातील सर्वांत जुने उदाहरण देवीचे आहे. भारतात, विशेषतः बंगाल प्रांतात, टीकादार मंडळी देवीच्या फोडातील द्रव्य निरोगी मनुष्याच्या दंडावर टोचत असत. हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ साली या प्रथेचे वर्णन प्रसिद्ध केले. श्वासमार्गे जडलेल्या देवीपेक्षा त्वचेतून दिलेली देवी सौम्य येते, हा या प्रथेमागील अनुभव होता. मात्र ही खरीखुरी देवीच असल्याने काही जण त्यात दगावत आणि इतरांस लागण होण्याचा धोकाही राहत असे.

१४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर यांनी गोठ्यात काम करणाऱ्या एका स्त्रीच्या हातावरील गोदेवीच्या फोडातील द्रव्य जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचले. पुढे जुलै महिन्यात त्याच मुलास देवीचे द्रव्य टोचले असता त्यास देवी आली नाही. ही लस १८०२ साली भारतात पोहोचली आणि १४ जून रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती यशस्वीपणे टोचली गेली. देशातील पुढील लसीकरणाचा आरंभ तेथून झाला.

दंडावरच्या एका लहानशा व्रणाने सर्व शरीराचे रक्षण कसे झाले? त्वचेत शिरलेल्या विषाणूची माहिती काखेतील लसिका ग्रंथींत पोहोचते. तेथे सिद्ध झालेल्या पेशी आणि प्रतिपिंडे रक्तात उतरतात आणि रक्त सर्वत्र जाते. देवीचा विषाणूही शरीरात रक्तावाटेच पसरत असल्यामुळे रक्तातील हा पहारा तेथे पुरेसा ठरला.

२. श्लेष्मल त्वचेची स्वतंत्र व्यवस्था

रक्तातील पहारा प्रत्येक रोगात पुरेसा पडतो असे मात्र नाही. बहुसंख्य जंतू नाक, घसा, फुप्फुसे, आतडी व मूत्रजननमार्ग यांच्या श्लेष्मल त्वचेवरून शरीरात प्रवेश करतात. त्यांना दारातच अडवावयाचे असेल तर प्रतिपिंडे श्लेष्मल त्वचेच्या पृष्ठभागावर, म्हणजे रक्ताच्या कक्षेबाहेर, असावी लागतात. हे काम प्रामुख्याने आय.जी.ए. या वर्गाची प्रतिपिंडे करतात. लाळ, अश्रू, दूध, आतड्यातील व श्वासमार्गातील स्राव यांत ती विपुल असतात. प्रौढ मनुष्याचे शरीर दररोज सुमारे ३ ते ५ ग्रॅम आय.जी.ए. निर्माण करते. इतर सर्व वर्गांची प्रतिपिंडे एकत्र केली तरी इतके प्रमाण होत नाही.

या व्यवस्थेचे मुख्य प्रशिक्षणस्थान लहान आतड्यात आहे. स्विस शरीरशास्त्रज्ञ योहान पेयर यांनी १६७७ साली लहान आतड्याच्या भिंतीतील लसिका पेशींच्या पुंजक्यांचे वर्णन केले. आजही ते पुंजके त्यांच्याच नावाने ओळखले जातात. त्यांचे कार्य उलगडण्यास मात्र जवळजवळ तीनशे वर्षे लागली. क्रेग आणि सेब्रा यांनी १९७१ साली सशांवरील प्रयोगातून दाखवून दिले की, आय.जी.ए. तयार करणाऱ्या पेशींचा उगम या पुंजक्यांत असून तेथून निघालेल्या पेशी आतड्याच्या इतर भागांत जाऊन वसती करतात. त्याच दशकात बीनेनस्टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना पुढे नेली. आतडे, श्वासमार्ग, स्तन व इतर श्लेष्मल पृष्ठभाग ही परस्परांशी जोडलेली एकच व्यवस्था आहे, असा सिद्धांत त्यांनी मांडला.

३. पेशींचा प्रवास कसा घडतो?

जंतू आतड्यात आला की पुंजक्यावरील विशिष्ट पेशी त्याचा अंश आत ओढून घेतात. आतील लसिका पेशींना त्या जंतूची ओळख होते. या शिकलेल्या पेशी तेथेच थांबत नाहीत. त्या आंत्रबंधातील लसिका ग्रंथींत जातात, तेथून वक्षातील मुख्य लसिकावाहिनीतून रक्तात उतरतात आणि काही दिवसांनी रक्तातून बाहेर पडून श्लेष्मल त्वचेत स्थिरावतात. तेथे त्या आय.जी.ए. स्रवू लागतात.

कोठे उतरावयाचे हे त्यांना कसे कळते? आतड्यात शिकलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट खूण उमटलेली असते. आतड्यातील रक्तवाहिन्यांच्या आतील भिंतीवर त्या खुणेशी जुळणारे प्रथिन असते. पत्रावरील पत्ता आणि घराचा क्रमांक जुळावा तशी त्यांची गाठ पडते. ही खूण उमटण्यासाठी अ जीवनसत्त्वापासून बनणारे एक द्रव्य लागते, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. अ जीवनसत्त्वाच्या अभावी बालकांना अतिसार व श्वसनाचे विकार वारंवार का होतात, यावर या संशोधनाने काही प्रकाश पडतो. स्तन, लाळग्रंथी व श्वासनलिका यांतूनही अशा पेशींना आकर्षून घेणारी द्रव्ये स्रवतात. म्हणून आतड्यात शिकलेल्या काही पेशी तेथवर पोहोचतात.

मात्र सर्व मार्ग सर्वत्र जात नाहीत. मुखावाटे दिलेल्या प्रतिजनाचा परिणाम आतडे, स्तन व लाळग्रंथी येथे अधिक दिसतो. नाकावाटे दिलेल्याचा परिणाम श्वासमार्ग, लाळ व स्त्रीच्या जननमार्गात अधिक दिसतो. प्रवेशाचे द्वार संरक्षणाचे स्थान ठरविते, हे या विषयाचे सूत्र म्हणावयास हरकत नाही.

४. आतड्यातील संसर्गाने श्वसनरोगास प्रतिबंध

या विषयातील आमच्या मते सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकन सैन्यातील आहे. नव्याने भरती झालेल्या तरुणांना छावणीत दाटीने राहावे लागते. त्यांच्यात ॲडिनो विषाणूमुळे तीव्र ताप, घसादुखी, खोकला, क्वचित न्यूमोनिया असे आजार साथीने पसरत. हे विषाणू प्रामुख्याने प्रकार ४ व प्रकार ७ असे होते. त्यावरील लस फार कल्पकतेने योजली गेली. त्यात विषाणू दुर्बल केलेला नाही. जिवंत विषाणू गोळीत बंद करून त्यावर असे आवरण दिले की गोळी आमाशयात न विरघळता थेट आतड्यात विरघळावी. आतड्यात विषाणूची वाढ होते, परंतु रोग होत नाही. तोच विषाणू नाकाघशातून शिरला तर आजार उत्पन्न करतो. आतड्यातून शिरला तर निमूटपणे क्षमत्व देऊन जातो.

१९७१ पासून या गोळ्या भरतीच्या वेळी नियमितपणे देण्यात येऊ लागल्या आणि साथी आटोक्यात आल्या. १९९६ मध्ये उत्पादन थांबले, १९९९ पर्यंत साठा संपला आणि छावण्यांतून साथी पुन्हा डोके वर काढू लागल्या. मार्च २०११ मध्ये नव्या उत्पादकाच्या गोळ्यांना मान्यता मिळाली, त्याच वर्षी त्या देणे पुन्हा सुरू झाले आणि रुग्णसंख्या झपाट्याने उतरली. लस दिली तेव्हा रोग कमी, थांबविली तेव्हा अधिक, पुन्हा दिली तेव्हा कमी, असा हा अन्वयव्यतिरेकाचा नमुना आहे.

येथे एक बाब लक्षात ठेवावी. या उदाहरणात फुप्फुसाच्या रक्षणातील मोठा वाटा रक्तात उत्पन्न झालेल्या प्रतिपिंडांचा मानला जातो. म्हणजे आतड्यातून दूरस्थ अवयवाकडे जाणारे दोन मार्ग संभवतात. एक श्लेष्मल त्वचेकडून श्लेष्मल त्वचेकडे जाणाऱ्या पेशींचा आणि दुसरा रक्तातील प्रतिपिंडांचा. दोहोंत गल्लत करू नये.

५. मातेचे आतडे आणि बाळाचे रक्षण

पहिल्या मार्गाचे उत्तम उदाहरण म्हणजे स्तन्य. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गर्भवती स्त्रियांना निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणू मुखावाटे देण्यात आले. प्रसूतीनंतर त्यांच्या चिकात त्याच जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी आढळल्या. पुढे उंदरांवरील प्रयोगांत आंत्रबंधातील लसिका पेशी दुग्धावस्थेतील स्तनात जाऊन वसतात, हेही दिसले. गर्भावस्थेच्या अखेरीस व स्तन्यकाळात होणाऱ्या अंतःस्रावी बदलांमुळे स्तनाचे हे द्वार उघडते.

याचा अर्थ असा की, मातेच्या आतड्यात व श्वासमार्गात आलेल्या जंतूंची माहिती तिच्या दुधात उतरते. माता व बाळ एकाच घरात, एकाच पाण्यावर व एकाच हवेत राहतात. म्हणून बाळास ज्या जंतूंपासून धोका, त्याच जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे त्यास आयती मिळतात. नवजात बालकाच्या आतड्यात स्वतःचे आय.जी.ए. जवळजवळ नसते. चिकात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. पुढे ते घटते, परंतु स्तनपान चालू असेपर्यंत दूध बाळाच्या आतड्याचे रक्षण करीत राहते. ही प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात शोषली जात नाहीत. ती आतड्याच्या पृष्ठभागावर राहून जंतूस चिकटू देत नाहीत. वरच्या दुधात ही सोय नाही.

म्हणूनच मातेस साधा अतिसार वा सर्दी-पडसे झाले म्हणून स्तनपान बंद करणे ही मोठी चूक होय. ज्या दिवसांत बाळास त्या प्रतिपिंडांची अधिक गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत ती तोडली जातात. त्यातच बाटली आली की अतिसाराचा धोका दुणावतो.

६. पोलिओ : दोन लसी, दोन स्थाने

पोलिओचा विषाणू तोंडावाटे येतो, आतड्यात वाढतो, आणि थोड्या जणांत रक्तावाटे मज्जारज्जूत जाऊन पांगळेपणा आणतो. तोंडावाटे दिलेल्या थेंबांतील दुर्बल विषाणू आतड्यात संसर्ग करतो. त्यामुळे रक्तातही प्रतिपिंडे होतात आणि आतड्याचे दारही बंद होते. इंजेक्शनने दिलेली मृत विषाणूची लस रक्तात उत्तम प्रतिपिंडे निर्माण करते व पांगळेपणा टाळते. परंतु ज्या बालकास थेंब कधीच मिळालेले नाहीत, त्याच्या आतड्यात ती फारसे संरक्षण उत्पन्न करीत नाही.

याचा प्रत्यय इस्रायलमध्ये आला. तेथे २००५ पासून केवळ इंजेक्शनची लस दिली जात होती. २०१३ मध्ये तेथील सांडपाण्यात पोलिओचा मूळ विषाणू आढळला. कोणीही पांगळे झाले नाही, परंतु विषाणू लोकांच्या आतड्यांतून फिरत राहिला. अखेरीस मुलांना थेंब देण्याची मोहीम घ्यावी लागली.

याच्या दुसऱ्या बाजूचे ज्ञान आपल्या देशातून मिळाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मुरादाबाद व वेल्लोर येथील अभ्यासांत पूर्वी थेंब घेतलेल्या मुलांना इंजेक्शनची एक मात्रा दिली असता त्यांच्या आतड्याचे क्षमत्व पुन्हा बळावल्याचे दिसले. आतडे एकदा शिकलेले असेल तर दंडावरील सुईनेही त्याची स्मृती जागी होते. कोरे असेल तर नाही. भारतात १३ जानेवारी २०११ नंतर पोलिओच्या मूळ विषाणूचा रुग्ण आढळला नाही, २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, आणि नोव्हेंबर २०१५ पासून थेंबांच्या जोडीने इंजेक्शनही राष्ट्रीय कार्यक्रमात आले. दोन्ही कशाला, असे पालक विचारतात. एक मुख्यतः आतड्याचा पहारेकरी, दुसरा मज्जारज्जूचा, एवढे सांगितले तरी त्यांस पटते.

प्रवेशद्वाराचा हाच विचार नाकावाटे देण्याच्या लसींमागे आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० साली स्वाइन फ्लूसाठी अशी लस बाजारात आणली होती.

७. मर्यादा

या माहितीवरून ‘आजार होऊ द्यावा, प्रतिकारशक्ती वाढते’ असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. त्याची कारणे तीन.

पहिले, हे क्षमत्व जंतुविशिष्ट असते. अतिसाराच्या एका जंतूशी झालेली ओळख न्यूमोनियाच्या दुसऱ्या जंतूविरुद्ध उपयोगी पडत नाही.

दुसरे, नैसर्गिक संसर्ग मात्रा ठरवून येत नाही. आतड्यातून निरुपद्रवी ठरणारा ॲडिनो विषाणू घशातून आला की रोग करतो, हे आपण पाहिलेच.

तिसरे, काही संसर्ग क्षमत्व वाढविण्याऐवजी हरण करतात. गोवराचे उदाहरण यासाठी ध्यानात ठेवावे. लस न घेतलेल्या मुलांवरील २०१९ च्या अभ्यासात गोवरानंतर पूर्वीच्या इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या साठ्यातील ११ ते ७३ टक्के भाग नष्ट झाल्याचे आढळले. गोवर येऊन गेला की मूल कणखर होते, या समजुतीस कोणताही आधार राहिलेला नाही.

८. आयुर्वेदीय दृष्टीने विचार

चरकांनी सांगितलेल्या त्रिविध बलांपैकी सहज व कालज यांखेरीज तिसरे युक्तिकृत बल आहार, विहार व योग्य योजनांनी प्राप्त होते. लसीने मिळणारे संरक्षण या तिसऱ्या प्रकारात समजून घेता येईल, असे आम्हास वाटते. स्तन्य हा रसाचा उपधातू मानला आहे. मातेच्या आहाराचा व आरोग्याचा परिणाम स्तन्यावर होतो, हे आपल्या आचार्यांचे निरीक्षण वर सांगितलेल्या संशोधनाशी विसंगत नाही.

परंतु येथेच थांबावे. आय.जी.ए. म्हणजेच ओज, नस्य म्हणजेच नाकावाटे लस, अशी समीकरणे मांडण्याचा मोह अनेकांस होतो. त्याने शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही. नस्याच्या द्रव्यात कोणत्याही विशिष्ट जंतूचा अंश नसतो. सुवर्णप्राशनाचेही तसेच. काश्यपसंहितेत लेहनाचा विचार आला असून मेधा, अग्नी व बल यांच्या दृष्टीने त्याचे स्थान आहे. परंतु त्यातून बाळाच्या आतड्यास पोलिओच्या विषाणूची ओळख होऊ शकत नाही, आणि ओळखीवाचून हे विशिष्ट संरक्षण निर्माण होत नाही. दोन्ही थेंबच, आणि पालक दोहोंनाही ‘डोस’च म्हणतात. म्हणून हा भेद स्पष्ट करून सांगण्याचे दायित्व आपल्यावर अधिक आहे.

९. व्यवहारात काय करावे

(१) अतिसार, सर्दी वा साधा ताप असलेल्या मातेस स्तनपान चालू ठेवण्यास सांगावे. हात साबणाने धुणे, खोकताना तोंड झाकणे व भरपूर पातळ पदार्थ घेणे यांवर भर द्यावा. एच.आय.व्ही., क्षय, स्तनावरील नागिणीसारखे फोड किंवा विशेष औषधे चालू असल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

(२) स्तनदा मातेस तीव्र विरेचक औषधे दुकानातून परस्पर देऊ नयेत.

(३) पोलिओच्या थेंबांआधी किंवा नंतर अंगावर पाजण्यास हरकत नाही. बाळास किरकोळ सर्दी वा जुलाब असल्यास डोस चुकविण्याचा सल्ला आपण देऊ नये, आरोग्य केंद्रात पाठवावे.

(४) सुवर्णप्राशनासाठी येणाऱ्या प्रत्येक बालकाचे लसीकरणाचे कार्ड पाहावे. राहिलेली लस आढळल्यास त्याच दिवशी तशी चिठ्ठी लिहून द्यावी. पुष्य नक्षत्राच्या निमित्ताने जमणारी बालके ही यासाठी उत्तम संधी आहे.

(५) औषधविक्रेत्यांनी कोणतेही बल्य औषध ‘लसीऐवजी’ म्हणून देऊ नये व तसा फलक लावू नये.

सारांश

त्वचेतील संसर्ग रक्तामार्गे सर्व शरीरास, आतड्यातील संसर्ग पेशींच्या प्रवासाने स्तनास व इतर श्लेष्मल त्वचेस, तर काही वेळा रक्तातील प्रतिपिंडांनी फुप्फुसास संरक्षण देतो. हे संरक्षण द्वारानुसार, स्थानानुसार व जंतूनुसार बदलते. आपल्या परिसरातील एकाही मातेचे स्तनपान विनाकारण तुटू नये आणि आपल्या शब्दावर विसंबून एकाही बालकाची लस राहू नये, एवढे या अभ्यासातून साधले तरी तो सार्थकी लागला असे आम्ही मानू.